टॉवेलाखालचा भाव

दिपालीला एका जागी बसवत नव्हतं. होटगी रस्त्याकडेच्या त्या मोकळ्या मैदानावर सकाळपासून तिनं एवढ्या येरझाऱ्या घातल्या होत्या, की दावणीचे बोकडही आता तिच्याकडे मान वळवून बघायचे बंद झाले होते. मे महिना सरत आला होता आणि ऊन सोलापूरचं होतं, त्यामुळं त्याबद्दल वेगळं सांगायला नको. डोक्यावर ओढणी, हातात अर्थशास्त्राची वही आणि पायाला भिंगरी. बकरी ईद परवावर आली होती. मैदानावर तीनेकशे बोकड विक्रीला उभे होते, आणि त्यांतल्या एकवीस बोकडांच्या भावाची जबाबदारी, कुणी दिली नसताना, या पोरीनं आपल्या डोक्यावर घेतली होती.

हे एकवीस बोकड चार घरांचे. सहा तिच्या वडिलांचे, म्हणजे गुंडाचे. आठ बिरप्पाचे, वस्तीत वयानं आणि शब्दानं तोच मोठा. चार शिवूचे, ज्याचं लग्न नुकतंच ठरलं होतं आणि ज्याचं चित्त त्यामुळं थाऱ्यावर नव्हतं. आणि तीन फुलाबाईचे. नवरा गेल्यावर या बाईनं शेरडं विकून टाकावीत असं भावकीनं सुचवलं होतं. तिनं भावकीचं ऐकून घेतलं आणि शेरडं ठेवली. चौघंही सांगोल्याकडच्या एकाच धनगर वस्तीवरचे, एकाच टेम्पोत बोकड भरून आलेले आणि उद्या त्याच टेम्पोनं परतणारे.

दिपाली सोलापुरात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि मुलींच्या वसतिगृहात राहायची. वस्तीवरची एवढी शिकलेली ती पहिलीच. तिचं लग्न लांबवल्याबद्दल गुंडानं चार वर्षं लोकांची बोलणी खाल्ली होती. 'पोरगी शिकतीया' एवढंच तो म्हणायचा, आणि त्याच्या मते त्यात सगळं उत्तर यायचं. आज या मैदानावर तिचा हिशोब चुकला असता, तर वस्तीनं तिला काही म्हटलं नसतं. गुंडाला म्हटलं असतं. तिचा जीव टांगणीला लागला होता तो त्यासाठी.

ईदेच्या आधी दरवर्षी हीच गत व्हायची. वर्षभर जपलेला बोकड घेऊन माणूस सोलापूरला यायचा तो मनात एक आकडा धरून. सकाळी तो आकडा सोडायचा नाही. दुपार कलली की मनात प्रश्न सुरू व्हायचे. शेजाऱ्यानं दिले असतील तर? ईद झाल्यावर या बोकडाला विचारतंय कोण? परत न्यायचे तर वैरण कुठली आणायची? मग तो गुपचूप दोन हजारानं खाली यायचा, त्याच्या भीतीनं दुसरा तीन हजारानं, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी मिळून एकमेकांचा भाव पाडलेला असायचा. व्यापाऱ्याला काही करावंच लागायचं नाही. त्यानं फक्त चहा पीत बसायचं.

अनिलकुमार सरांनी वर्गात हेच शिकवलं, तेव्हा दिपाली बाकावर ताठ झाली होती. सर स्थूल अर्थशास्त्र शिकवायचे आणि उदाहरणं गावातलीच द्यायचे. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. पुढच्या पाळीला पाणी येणार नाही अशी नुसती आवई उठली, की प्रत्येक घर दोन पिंपं जादा भरतं. एका घरापुरतं ते शहाणपणच. पण सगळ्या पेठेनं तेच केलं की शेवटच्या गल्लीत थेंब पोहोचत नाही, आणि खोटी आवई खरी ठरते. एकाला जे फायद्याचं, ते सगळ्यांनी केलं की सगळ्यांच्या अंगाशी येतं. आणि पुढं काय होईल असं लोकांना वाटतं, त्यावरच पुढं काय होतं ते ठरतं. या दोन गोष्टी कळल्या तरी निम्मा विषय कळला, असं सर म्हणायचे.

मग त्यांनी गेम थिअरीचा तक्ता काढला होता. दोन माणसं, प्रत्येकापुढं दोन वाटा, मिळून चार चौकोन. दोघं एकमेकांना धरून राहिले तर दोघांचं भलं. पण समोरचा काहीही करो, आपण फुटण्यात आपल्याला दोन पैसे जास्त. म्हणून दोघंही फुटतात आणि दोघंही बुडतात, आणि पुस्तक त्या बुडण्याला समतोल म्हणतं. वर्गातली बाकीची पोरं तक्ता उतरवून घेत होती. दिपालीला त्या चौकोनांत आपला बाप आणि बिरप्पा दिसत होते.

चैत्रात ती घरी गेली, तेव्हा बिरोबाच्या देवळापुढच्या धुळीत तिनं काठीनं तेच चार चौकोन काढले. चौघं उकिडवे बसून ऐकत होते. यंदा चौघांचे बोकड एकाच वयाचे, जवळपास एकाच वजनाचे होते. नगाला बावीस हजार हा भाव धरला तर कुणावर अन्याय नव्हता. तिनं अर्धा तास समजावलं. शेवटी बिरप्पानं विचारलं, की म्हणजे बावीसच्या खाली कुणी द्यायचं नाही, एवढंच ना? ती म्हणाली, हो, एवढंच. मग एवढी घरं कशाला आखलीस, असं म्हणून तो उठला, देवळात गेला आणि मुठीत भंडारा घेऊन आला. एकेकानं हळदीची चिमूट कपाळाला लावली, देवाकडे तोंड करून बावीसचा शब्द दिला आणि आपापल्या कामाला लागला. दिपालीला ते गोड वाटलं. तिनं चौकोन आकड्यांसकट वहीत उतरवून घेतले. भंडाऱ्याचं काही लिहिलं नाही. 'विश्वासार्ह बांधिलकी' नावाचं अख्खं प्रकरण तिनं परीक्षेसाठी दोनदा वाचलं होतं, पण त्यात हळदीचा उल्लेख नव्हता.

मैदानावर अडचण निघाली ती टॉवेलाची.

शेरडांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल विकणाऱ्याचा हात हातात घेतो, वर टॉवेल टाकतो, आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून आकडे सांगितले जातात. ज्यांचे हात त्यांनाच ठाऊक. शेजारी उभ्या माणसाला फक्त टॉवेल हललेला दिसतो. नंतरही कुणी कुणाला भाव विचारत नाही, विचारणं वाईट दिसतं. पिढ्यान् पिढ्या असंच चाललंय. दिपालीनंही ते लहानपणापासून बघितलं होतं. पण सकाळी दहाला बिभीषण दलालानं बिरप्पाच्या हातावर टॉवेल टाकला, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्या सगळ्या मांडणीला एक भलं मोठं भोक आहे. कोण फुटलं हे दिसणारच नसेल, तर फुटणाऱ्याला भीती कसली?

तिनं बिरप्पाला सुचवून बघितलं, की आपण चौघांनी भाव उघड, तोंडानं सांगू या. भर बाजारात धोतर सोडायला सांगितल्यासारखं बिरप्पानं तिच्याकडे बघितलं. ती परत येरझाऱ्या घालू लागली.

बिभीषण दलाल हा पन्नाशीचा, पांढऱ्या शर्टातला, कधीच घाई नसलेला माणूस. हैदराबादच्या एका व्यापाऱ्यासाठी त्याला उद्या दुपारपर्यंत चाळीस बोकडांचा ट्रक भरून पाठवायचा होता. तो बिरप्पाकडून शिवूकडे गेला, शिवूकडून फुलाबाईकडे, मध्येच चहा प्यायला, मध्येच दुसऱ्याच कुणाच्या बोकडाचे दात बघून आला. कुणाशी त्याचं जमलं, कुणाशी मोडलं, काही म्हणजे काही त्याच्या चेहऱ्यावर उमटत नव्हतं. दिपाली डोळ्यांत तेल घालून चेहरे वाचत होती, आणि जितकं वाचत होती तितकी तिची झोप उडत होती.

दुपारी दोनला शिवू कुल्फी खाताना दिसला. तीही एक सोडून दोन, आणि वर एकटाच हसत होता. सकाळी टेम्पोवाल्याच्या पैशानं चहा पिणारा हा गडी, याला कुल्फीला पैसे कुठून आले? इसार घेतला असणार. मनात पाल चुकचुकली. आता कुणी तिला सांगायला हवं होतं, की शिवूच्या दुसऱ्या हातात फोन होता आणि फोनवर कुर्डुवाडीची ती मुलगी होती, जिच्याशी त्याचं लग्न ठरलं होतं. पण दिपालीला कुल्फी दिसली आणि फोन दिसला नाही. माणूस एकदा संशयाला लागला की त्याला हवं तेवढंच दिसतं.

मग तीनला बिभीषण फुलाबाईपाशी बसला. उकिडवा नाही, चांगली मांडी घालून. टॉवेल पडला तो निघेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंधरा झाली. फुलाबाईची मान मध्येच हलायची, हो की नाही ते कळायचं नाही. बावीस एवढाच आकडा सांगायचा, तर त्याला पाव तास कशाला लागतो? आणि उठताना बिभीषण हसला. फुलाबाईही हसली.

 दिपाली टेम्पोच्या सावलीला गेली, वही मांडीवर घेतली आणि शेवटाकडून मागं मोजत यायची जी रीत शिकली होती, ती कागदावर मांडू लागली. उद्या दुपारी बाजार उठायला तास उरला असेल, तेव्हा प्रत्येक जण मिळेल त्या भावाला देणार, कारण परवा बोकडाला गिऱ्हाईक नाही. हे प्रत्येकाला आत्ताच ठाऊक आहे. मग उद्या सकाळीच शहाणा माणूस आधी देऊन मोकळा होणार. हेही प्रत्येकाला ठाऊक आहे. मग आज संध्याकाळी. मग आत्ता. पेन्सिल आत्तावर येऊन थांबली. तिच्या गणितात चूक नव्हती. तिला पुन्हा पुन्हा एकच दिसत होतं: बाकीचे तिघं आपापले विकून मोकळे झालेत आणि आपला साधाभोळा बाप बावीसचा शब्द धरून सहा बोकडांसह उन्हात उभा आहे. तोही तिच्या सांगण्यावरून.

ती गुंडाकडे जवळजवळ पळतच गेली आणि त्याला पाण्याच्या टँकरमागं घेऊन आली.

"आप्पा, आत्ताच्या आत्ता द्या. अठरा म्हणत असंल तर अठराला द्या."

"बावीस ठरलंय की."

"ठरलेलं कुणी पाळत न्हाई. शिवूनं इसार घेतलाय. फुलाकाकीनं तर आत्ता माझ्या डोळ्यांदेखत मोडलं. पाव तास टॉवेल हुता हातावर."

गुंडानं फुलाबाईकडे बघितलं. ती बोकडाला बादलीतून पाणी पाजत होती. मग त्यानं लांब उभ्या असलेल्या बिभीषणाच्या ट्रककडे बघितलं, आणि मग बराच वेळ आपल्या मुलीकडे. तिनं वही उघडून त्याच्यापुढं धरली होती.

"तुजं पुस्तक आसं म्हनतंय?" त्यानं विचारलं.

"पुस्तक हेच म्हणतंय, आप्पा."

 पागोट्याच्या टोकानं तोंड पुसून तो बिभीषणाकडे चालत गेला. टॉवेल पडला आणि मोजून दहा श्वासांत निघाला. सहाही बोकड ट्रकमध्ये चढले. परत येऊन गुंडा 'झालं' एवढंच म्हणाला, आणि दिपालीला पहिल्यांदा जरा हायसं वाटलं. ते हायसं वाटणं वसतिगृहाच्या दारापर्यंतसुद्धा टिकलं नाही. संध्याकाळी ती निघाली तेव्हा बाकीचे तिघं टेम्पोच्या आडोशाला भाकरीचं गाठोडं सोडून बसले होते, आणि त्यांचे पंधराही बोकड जागच्या जागी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच ती मैदानावर हजर होती. बोकड तसेच. पंधराच्या पंधरा. 

आणि मग तिनं स्वतःच्या डोळ्यांनी आवई उठताना बघितली. बिभीषण मैदानभर फिरत होता आणि आज त्याला टॉवेलाची गरजच वाटत नव्हती. सांगोल्याकडच्या गुंडानं सहा नग अठराला दिले, एवढंच तो सहज बोलता बोलता सांगत होता. सांगोल्याकडचे लोक भावाला चिवट म्हणून बाजारात माहीत होते. ते अठराला आले म्हटल्यावर बाकीच्यांनी हाय खाल्ली. नऊ वाजता भाव अठरावर आला, दहाला सतरावर. लोकांनी टॉवेल गुंडाळून ठेवले आणि तोंडानं ओरडून भाव सांगायला लागले, कारण लपवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. वैरण उरलेली नाही, ऊन चढतंय, जो येईल त्याच्या गळ्यात बोकड बांधून लोक मोकळे होत होते. शहरातली साधी घरगुती गिऱ्हाइकं, एकेक बोकड न्यायला आलेली, खुशीत नेत होती. सरांची पाण्याची गोष्ट समोर घडत होती, फक्त यात पहिलं पिंप दिपालीनं भरलं होतं.

त्या सगळ्या पडझडीत तीन माणसं बावीसला उभी होती. त्यांच्याकडे लोक येत, भाव ऐकत आणि हसून पुढं जात.

दिपालीला ते बघवेना. साडेदहाला ती फुलाबाईपाशी जाऊन बसली. तिच्या तिन्ही बोकडांनी जिभा बाहेर काढल्या होत्या. भाव उतरतोय, आत्ता सतराला दिले तर निदान सतरा तरी पदरात पडतील, दुपारी तेही मिळायचे नाहीत, असं तिनं परोपरीनं सांगितलं. फुलाबाईनं शांतपणे ऐकून घेतलं, जसं तिनं भावकीचं ऐकलं होतं, आणि म्हणाली की बावीसच. दिपालीच्या तोंडात खरं सांगणारा शब्दन् शब्द तयार होता. आम्ही काल मोडलंय, काकी, तुम्ही आता कशाला अडून राहता. पण पाच हातांवर बाप बसला होता, कालपासून पाण्याशिवाय पोटात काही न घेतलेला, आणि ते वाक्य तिनं उच्चारलं असतं तर तो वस्तीतून उठला असता. आणि नाही उच्चारलं, तर ही बाई तीन बोकड परत घेऊन उपाशी गोठ्यात बांधणार. ती तशीच उठली. मैदानाला दोन फेऱ्या घातल्या, परत फुलाबाईपाशी आली, परत काही न बोलता गेली. तिला स्वतःची इतकी चीड आली होती की वही टँकरखालच्या चिखलात फेकून द्यावी असं वाटत होतं.

पण अकरानंतर बाजार वेगळाच वागू लागला. भाव पडतोय म्हटल्यावर बिभीषण हात आखडून बसला होता. सतराचे सोळा होतील, सोळाचे पंधरा, घाई कसली, असा त्याचा हिशोब. पडत्या भावात घेणाराही थांबतो, ही ओळ दिपालीनं परीक्षेत लिहिली होती. तो थांबला, आणि तो थांबला असताना ती घरगुती गिऱ्हाइकं एकेक करून माल उचलून घेऊन गेली. बाराच्या सुमाराला बिभीषणानं ट्रकवरून नजर टाकली तर मैदान जवळजवळ रिकामं. उरलेले बोकड किरकोळ, हाडं मोजावीत असले. हैदराबादहून दर दहा मिनिटांनी फोन येत होता. ट्रकमध्ये पंचवीस नग होते. चांगला माल म्हणावा असे पंधराच राहिले होते, आणि ते तिघा जणांकडे होते.

तो आधी शिवूकडे गेला, टॉवेल टाकला, उठला. फुलाबाईकडे गेला, उठला. बिरप्पाकडे गेला, आणि या वेळी त्याच्या चेहऱ्यावर सगळं उमटलं. साडेबाराला बिरप्पानं टॉवेल स्वतःच्या हातानं बाजूला केला आणि शिवूला हाक मारून बोकड सोडायला सांगितले. पंधरा नग, बावीसनं.

फुलाबाई मोकळे दोर गोळा करत दिपालीकडे आली. तिनं आपला खरबरीत हात दिपालीच्या गालावरून फिरवला आणि म्हणाली, की पोरी, चैत्रात तू सांगितलंस म्हणून हे झालं, न्हाईतर आमच्या डोक्यात आलं असतं का. मार बसला असता तरी दिपालीला इतकं लागलं नसतं. तिला आवरलं नाही.

"काकी, आमी काल अठराला दिलं."

"ठावं हाय की."

"बिभीषणनं सांगितलं?"

"त्यानं सकाळी सांगितलं. आमास्नी काल रातच्यालाच कळलं. तुजा बा भाकरीला आला न्हाई." फुलाबाई दोराचं वेटोळं घालत राहिली. "बिभीषण मलाबी काल अठराच दाबत हुता. पाव तास बसला, म्या बावीसच दाबलं."

"मग तुमी का न्हाई मोडलं? कळल्यावर तरी?"

फुलाबाईनं हात थांबवला. प्रश्न तिला खरोखरच कळला नव्हता, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

"तुमी मोडलं म्हनून आमीबी मोडायचं," ती म्हणाली, "आसं कुटं ठरलं हुतं?"

 दिपालीच्या चारही चौकोनांत तसा माणूस नव्हता.

तेवढ्यात बिरप्पा गुंडापाशी गेला. गुंडा टेम्पोत दोर टाकत होता. बिरप्पाच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं. "गुंडा, म्होरल्या साली तू तुजा टेम्पो येगळा बग," तो म्हणाला. गुंडानं मान हलवली आणि हातातला दोर नीट गुंडाळून ठेवला. परीक्षेत हा प्रश्न पाच गुणांना यायचा: वारंवार खेळल्या जाणाऱ्या खेळात फुटणाऱ्याला शिक्षा कशी होते, सोदाहरण स्पष्ट करा. दिपालीनं तो सोडवला होता आणि तिला पाचपैकी पाच मिळाले होते. आता ती धावत जाऊन दोघांच्या मध्ये उभी राहिली. तिनं सांगितलं, की आप्पा देणार नव्हते, मीच त्यांना टँकरमागं नेलं, मीच घाबरले, चूक माझी आहे. तिला रडू फुटलं होतं आणि शब्द एकमेकांवर आदळत होते.

बिरप्पानं ते सगळं ऐकलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"आसंल, पोरी," तो म्हणाला. "पर बोटं तुज्या बापाची हुती."

टेम्पोत बसायला गुंडाला कुणी नाही म्हटलं नाही. शिवूनं तर पुढं सरकून जागाही केली. पण गुंडा बसला नाही. पिशवी काखेला मारून तो रस्त्याला लागला, आणि दिपाली त्याच्या मागोमाग. रिक्षाच्या थांब्यापर्यंत दोघं चालत आले. थांब्यावर सावली नव्हती. तिच्या डोक्यात फुलाबाईचा चेहरा, ट्रकमध्ये चढणारे सहा बोकड, बिरप्पाचा हात, सगळं एकमेकांत फिरत होतं, आणि त्यातून एक प्रश्न राहून राहून वर येत होता. शेवटी तो तिनं विचारला.

"आप्पा, काकीनं मोडलं न्हाई, हे तुमाला काल कळलं नव्हतं?"

"कळलं हुतं."

ती त्याच्याकडे वळली.

"फुलीला म्या ती एवढीशी असल्यापास्नं वळखतो," गुंडा म्हणाला. "आन बिभीषणाचा ट्रक निम्माबी भरला नव्हता. त्यो आज येनारच हुता."

"मग का दिलं?"

गुंडा रस्त्याकडे बघत होता. लांबून रिक्षा येत होती.

"तू शिकलेली," तो म्हणाला. "माज्यापरीस तुला जास्त दिसत आसंल, आसं वाटलं."

रिक्षा थांबली. एस.टी. स्टँडला किती घेणार, ते त्यानं विचारलं, पिशवी आत ठेवली आणि आत बसला. ती चढू लागली तर त्यानं तिला हातानं थांबवलं. सोमवारी पेपर आहे ना, तू वसतिगृहावर जा, नीट जेव आणि अभ्यास कर, असं तो नेहमीच्याच आवाजात म्हणाला. रिक्षा निघून गेली तरी दिपाली तिथंच उभी होती. आपल्यावर तो एकदा तरी ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं.